मालकाचा पासवर्ड

टायपिस्टबाईंचं वय एक्कावन्न, आणि त्यातली बावीस वर्षं डॉक्टरांचं बोलणं ऐकण्यात गेलेली. पेशंट तपासला की डॉक्टर त्याच्याबद्दलचं पत्र बोलून रेकॉर्ड करतात. ते घरबसल्या ऐकायचं, टाइप करायचं आणि रुग्णालयाला परत पाठवायचं, हे बाईंचं काम. दिवसाला चाळीस पत्रं. हाडांचे डॉक्टर वाक्य अर्धवट टाकून खोकतात, कानाचे डॉक्टर पुटपुटतात आणि लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई जेवता जेवता बोलतात, हे त्यांना पाठ होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी नवे दात बसवले ते त्यांच्या बायकोच्या आधी बाईंना कळलं, असं रुग्णालयात अजून सांगतात.

बाईंना दिसत नाही. सहाव्या वर्षी तापात नजर गेली. कुणी खोदून विचारलंच तर "हो, गेली" म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. घर त्यांचं स्वतःचं, दोन खोल्यांचं, जिना चढून डाव्या हाताला.

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक आवाज होता. स्क्रीनवर जे येईल ते तो वाचून दाखवायचा. सर्दी झालेल्या माणसाचा असावा तसा कोरडा आवाज. वाक्य संपलं म्हणून थांबणं नाही, प्रश्न आला म्हणून सूर चढवणं नाही. बाई त्याला मास्तर म्हणत. चौदा वर्षांत त्यांनी मास्तरचा वेग इतका वाढवला होता, की परक्याला वाटावं कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय. बाईंना त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

मग रुग्णालयाची सूचना आली. पहिल्या तारखेपासून जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून आलेली पत्रं घेतली जाणार नाहीत. बाईंनी धाकट्या भावाला फोन केला. तो कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता आणि बहिणीच्या घरचा नळ असो की बल्ब, सगळं तोच बघायचा.

रविवारी सकाळी तो बॅग घेऊन आला. "काही नाही गं ताई, डोळे झाकून होणारं काम आहे."

"मग मीच करते की," बाई म्हणाल्या. दोघंही हसले.

हसणं ओसरल्यावर भावाने टेबलावर पाहिलं. "मॉनिटर कुठाय?"

"तो होय? दिला भंगारात. मीटर बघायला आलेला माणूस म्हणाला, बाई, तुमचा स्क्रीन काळा पडलाय. कधी पडला काय माहीत. माझं काम तर चालूच होतं."

भावाने कपाळावर हात मारला. बिचाऱ्याला परत घरी जाऊन स्वतःचा मॉनिटर उचलून आणावा लागला. दिसणाऱ्या माणसाचं त्याच्यावाचून पान हलत नाही.

मॉनिटर जोडल्यावर त्याने पहिल्यांदा मास्तरचा आवाज बंद केला. "डोकं उठवतो हा." पुढचे चार तास खोलीत फक्त पंख्याची घरघर आणि भावाची टकटक. बाई शेजारच्या खुर्चीत बसून राहिल्या. दोनदा चहा केला. मधूनमधून विचारत, "आता काय विचारतोय तो?"

"काही नाही. नेहमीचंच."

चार वाजता तो म्हणाला, "झालं!" आणि आपला मॉनिटर काखोटीला मारून गेला. नवी सिस्टिम असलेला पेन ड्राइव्ह तेवढा ड्रॉवरमध्ये ठेवून गेला.

सोमवारी बाई कामाला बसल्या, तर मास्तरच्या जागी एक नवीन बाई. आवाज गोड, अगदी घोळवून बोलणारा. प्रत्येक वाक्यानंतर ती श्वास घ्यायची. कॉम्प्युटरला श्वास कशाला लागतो, हे टायपिस्टबाईंना कळेना. वेग वाढवला की ती शब्द खायची, त्यातही 'नाही' हा शब्द हटकून. 'गाठ नाही' हे 'गाठ' होऊन कानावर यायचं, मग सगळं पत्र पहिल्यापासून ऐका. संध्याकाळपर्यंत अकरा पत्रं झाली.

मास्तरची मूळ फाइल बाईंकडे जपून ठेवलेली होती. ती त्यांनी चालू केली. गोड आवाज म्हणाला, "मालकाचा पासवर्ड टाका."

मालक कोण? बाईंनी भावाच्या ऑफिसात फोन लावला.

"अगं, मालक म्हणून मी माझं नाव टाकलंय," तो हळू आवाजात म्हणाला. मीटिंगमध्ये असावा. "तुझ्याकडून चुकून काही उडालं-बिडालं तर? तुझ्यासाठीच केलं."

"पासवर्ड सांग."

"रविवारी येतो ना मी. तू कशाला त्या भानगडीत पडतेस?" आणि फोन ठेवला.

बाईंना राग आला. रागापेक्षा अपमान जास्त वाटला. वडील गेल्यावर घराचे कागद त्यांनी एकटीने निस्तरले होते. बावीस वर्षांत त्यांचं एक पत्र चुकीचं म्हणून परत आलं नव्हतं. आणि आता स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रात त्या पाहुण्या होत्या.

मंगळवारी रुग्णालयातल्या क्लार्कचा फोन. "बाई, बरं नाही का? पत्रं कमी येताहेत. थोडी दुसऱ्यांकडे वळवू?" वळवलेलं काम परत येत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"शुक्रवारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "मग काय ते ठरवा."

बुधवारी सकाळी वायर तपासायला म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरून हात फिरवला, तर बाजूला बोटभर लांबीचा कागद लागला. वर चिकटपट्टी. बाई तिथेच थांबल्या. भावाची ही शाळेपासूनची खोड. विसरेन म्हणून तो सगळं चिठ्ठीवर लिहायचा आणि दिसेल तिथे चिकटवायचा. पासवर्ड तीन दिवस त्यांच्याच खोलीत होता, पेनाने लिहिलेला.

कागद सोलून त्या बाहेर आल्या. समोरच्या घरात एक शिक्षिका राहायच्या. त्यांनी क्षणात वाचून दिला असता, वर आनंदाने दिला असता. बाईंचा हात बेलपर्यंत गेला. आज मास्तर येईल, मग पुढे? उद्या दुसरं काही बसवायचं झालं तरी यंत्र मालकालाच विचारणार. भावाने पासवर्ड बदलला की पुन्हा चिठ्ठी शोधा, पुन्हा कुणाची तरी बेल वाजवा. चिठ्ठीने मास्तर मिळाला असता, कॉम्प्युटर नाही.

बाई घरात परत आल्या आणि मैत्रिणीला फोन लावला. ही शाळेतली एका बाकावरची. तिलाही दिसत नाही, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे.

"सगळं पुसून पहिल्यापासून टाकायचंय. एकटीने," बाई म्हणाल्या.

"वेडी आहेस. मी केलंय, माझ्याकडे ब्रेलमध्ये लिहिलेलं आहे. पण सुरुवातीचा भाग मुका असतो हं. आवाज नंतर येतो. तोवर नुसतं मोजत जायचं. एक बटण चुकलं तर यंत्र दगड होईल."

"सांग."

बाईंनी सगळी पत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवली, डिस्क काढून कपाटात ठेवली. पेन ड्राइव्ह लावला. फोन खांद्यात धरून त्या मोजू लागल्या. टॅब एक, टॅब दोन, एंटर. पन्नासपर्यंत मोजत थांबायचं. पुन्हा टॅब. चार झाले आणि दारावरची बेल वाजली. दूधवाला होता. परत येऊन बसल्या, तर चार झाले होते की पाच, आठवेना.

"मी 'चार' एवढंच ऐकलं," मैत्रीण म्हणाली. "पाचवा तू दाबलास की नाही, देव जाणे."

अंदाजाने पुढे जाण्याचा मोह झाला. बाईंनी बटण दाबून यंत्र बंद केलं, बेलची वायर काढून टाकली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

या खेपेला शेवटच्या एंटरनंतर त्यांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला. आधी काहीच नाही. मग पंखा चढला. पत्रा हळूहळू कोमट झाला. फोनवर मैत्रिणीच्या ऑफिसातले फोन वाजत होते आणि ती दुसऱ्या लाइनवर लोकांना जोडून देत होती. बावीस मिनिटं गेली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंनी मैत्रिणीने सांगितलेली तीन बटणं एकदम दाबली. काही नाही. पुन्हा दाबली.

"नमस्कार," तो गोड आवाज म्हणाला.

"बोलली!" बाई ओरडल्या. मैत्रीण बँकेत मोठ्याने हसली आणि कुणीतरी तिला गप्प केलेलं बाईंना ऐकू आलं.

मग गोड आवाज एकेक प्रश्न विचारत गेला. भाषा कोणती, वेळ कुठली. त्यानंतर म्हणाला, "या कॉम्प्युटरचा मालक कोण? नाव लिहा." बाईंना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, तरी त्यांनी तो प्रश्न तीनदा वाचायला लावला. मग नाव लिहिलं.

दुपारी मास्तर आला. तोच सर्दीचा आवाज, तोच वाटाण्यांचा पाऊस. शुक्रवारी साडेपाचला चाळिसावं पत्र गेलं. क्लार्कचा निरोप आला, की वळवायची गरज नाही.

मग बाईंनी भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"अगं पण पासवर्ड मी बाजूलाच चिकटवून ठेवला होता!" तो म्हणाला. "कुणीही वाचून दिला असता."

"माहीत आहे. बोटांना लागला."

"मग?"

"तुझा होता तो."

भाऊ थांबला. माणसांचं थांबणं बाईंना चांगलं कळायचं. हे रागावलेल्या माणसाचं थांबणं नव्हतं. पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं, की आईवडील गेल्यापासून हा या घरी काही दुरुस्त करायला म्हणूनच आला होता. नुसता कधी आलाच नव्हता, आणि त्यांनीही कधी बोलावलं नव्हतं.

"मग रविवारी," तो म्हणाला, "येऊ नको ना मी?"

"काही बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ये."