आईचा पहिला उपदेश

कॉलेजात बोलायला उभी राहिले की माझी नजर हातातल्या कागदावरून वर येत नाही. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. अशा वेळी मला पिरनवाडीचं आमचं लहानसं चर्च आठवतं.

तिथं वर्षातून एकदा महिला रविवार असायचा. त्या दिवशी सगळी उपासना बायका चालवायच्या. एका वर्षी उपदेशाची पाळी आईवर आली. आदल्या वर्षी लेकरांच्या रडण्यात काही ऐकूच येईना, म्हणून बोलणाऱ्या काकू मध्येच खाली बसल्या होत्या. आईला त्याचीच धास्ती होती.

उपासना सुरू होताच माझे वडील, आप्पा, उठले. बायकांकडची सगळी बारकी पोरं गोळा करून ते बाहेर चिंचेखाली बसले. मीही त्यांच्यात होते. उशिरा आलेले एक म्हातारे हसले, "काय रं, बालवाडी काढलास व्हय?"

"व्हय अण्णा. तुमचा नातूबी हाय. घेतासा काय जरा?"

अण्णा लगबगीनं आत गेले.

आतून आईचा आवाज येत होता. आधी कापरा, मग ठाम. शब्द मात्र कळत नव्हते.

परतताना गाडीवर आप्पा म्हणाले, "आता मला सांग की गं."

"काय?"

"उपदेश. मी कुठं ऐकलो?"

दोघांच्या मध्ये बसून मीही ऐकला. येशू मरणातून उठल्याची बातमी आधी बायकांनी आणली, आणि शिष्यांना ती खरी वाटली नाही, असं आई सांगत होती. कागद न बघता, अगदी सावकाश. आमचं घर आलं तरी तिचं संपलं नव्हतं. आप्पांनी गाडी तशीच पुढं नेली.