ज्याचं टेबल त्याची टिप

लातुरातल्या ज्या हॉटेलात वेटरकी करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तिथं पूर्वी सगळ्यांची टिप गल्ल्याजवळच्या एकाच डब्यात पडायची. रविवारी वाटणी व्हायची. भांडी घासणाऱ्या मावशीलाही आमच्याइतकाच वाटा मिळायचा.

मग नवी पोरं कामाला लागली. त्यातला किनवटकडचा एक भलताच चलाख. रस्सा न सांडता वाढायला त्याला मीच शिकवलं. महिन्याभरात तोच म्हणाला, "मामा, डबा बंद करू. ज्याचं टेबल त्याची टिप." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मालकांना, म्हणजे आमच्या अप्पांना, त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी पोरांना एसी हॉल दिला आणि मला बाहेरचा. तिथं क्लासची पोरं जेवायला येतात. घरून मोजके पैसे येणारी ती लेकरं काय टिप देणार?

एका दुपारी शिरूर अनंतपाळचं जुनं गिऱ्हाईक बायकापोरांसह एसीत बसलं. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "मामा, तुमच्याच हातनं वाढा." मी मन लावून वाढलं. बिलाच्या वेळी त्या किनवटच्या पोरानं टिपेसाठी आपला मोबाईल पुढं केला. गिऱ्हाइकानं स्कॅन केलं. "मामाचे शंभर टाकलेत बरं का," म्हणाले आणि गेले.

मी पोराकडं बघितलं.

"टेबल माझं हाय, मामा." त्यानं विसाची नोट माझ्या खिशात कोंबली. मी ती काढून टेबलावर ठेवली. त्यानं ती उचलून घेतली.

त्याच आठवड्यात कळलं, त्याचा पगारही माझ्यापेक्षा जास्त. मी अप्पांना विचारलं.

"पोरं टिकत न्हाईत, जादा द्यावं लागतंय," ते म्हणाले. "तुम्ही कुठं जाणार हाव आता?"

ते लईच लागलं. दुसऱ्या दिवशी दांडी मारून नांदेडला गेलो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात मॅनेजरला भेटलो. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. माझ्या पांढऱ्या केसांकडं बघत म्हणाला, "वाढायला पोरं पाहिजेत, काका. भांड्याला जागा हाय. बघा, जमतंय का."

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. सकाळी अप्पांनी विचारलं, "काल कुठं गेल्ताव?"

"दवाखान्यात," मी म्हणालो आणि बाहेरच्या हॉलची टेबलं पुसायला घेतली.