तळावरून आलेला दादा

माझा मोठा भाऊ अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याच्या तळावर आचारी होता. सुट्टीत जयगडला आला की सगळी वाडी त्याच्याभोवती जमायची. मी बंदरावरून दमून आलो तरी कुणी ढुंकून बघत नसे. मी जळायचो.

एकदा तो सांगत होता, की सैन्याने रस्त्याची राखण एका टोळीला दिली म्हणून दुसरी टोळी बिथरली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू भात शिजवायचास. तुला काय ठाऊक?"

"माझ्याकडे रोज जेवणारा पहारेकरी मारला गेला," दादा हळूच म्हणाला. "मारणारा दुसऱ्या टोळीतला नव्हता रे. त्याचाच चुलतभाऊ. पहाऱ्याचं काम याला मिळालं, त्याला नाही, एवढंच कारण."

सगळे हळहळले. मला मात्र तो चुलतभाऊ लगेच कळला, आणि दादाकडे बघवेना.