गयासचा टांगा

मुनिराचा नवरा गयास टांगेवाला. प्लेगात औरंगाबादेत सख्ख्या बापाला खांदा द्यायला पोरं धजेनात, तेव्हा यानं हिंदू बघितला नाही की मुसलमान. साऱ्यांचे मुडदे आपल्या टांग्यातून मसणात, कब्रस्तानात पोचवले. साथ सरली, तर त्याच टांग्यात कुणी बसेना! गयासनं टांगा विकला नाही. मुनिराला अन् लेकरांना ईदचे कपडे घालायला लावले, टांग्यात बसवलं आणि भर गुलमंडीच्या बाजारातून मिरवलं.

म्हातारपणी तो गेला. जनाज्याला खांदा दिला की सवाब, म्हणजे पुण्य मिळतं, म्हणून सारी गल्ली लोटली. मुनिरा दारात आडवी उभी राहिली.

"तवा कुठं गेले व्हते हे खांदे? त्यो त्याच्या टांग्यातूनच जाईल. तुमी समदे मागून चालत या!"