बहिणीच्या खोलीतलं वायफाय

कितिओने गावच्या चर्चमधल्या गायकांचा मास्तर. एवढी माणसं एका सुरात आणायची म्हणजे आवाज करडा लागतो, आणि त्याचा तर झोपेतही करडा. सबंध वावाऊ बेटावर तो एकाच माणसापुढे नरम पडायचा, ती म्हणजे त्याची थोरली बहीण लाविनिया. ती समोर आली की हा ओठावर आलेला विनोद गिळून टाकी आणि बायकोनं मागून ढोसल्याशिवाय तोंड उघडत नसे. यात त्याचं एकट्याचं काही विशेष नाही. टोंगात मुलगा मिसरूड फुटायला लागली की बहिणीबरोबर एका छपराखाली झोपत नाही, तिच्या कानावर चावट शब्द जाऊ देत नाही, आणि तिच्या निजायच्या खोलीकडे तर ढुंकूनही बघत नाही. कितिओनेची साठी उलटली होती. बहिणीचं घर कुंपणापलीकडेच, पण तिच्या ओसरीच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आणि इंटरनेटची तार ओढायला आलेल्या त्या शहाण्यानं लाविनियाचा राउटर ठोकला कुठे, तर नेमका तिच्या निजायच्या खोलीत.

"भावाला लागेल तेवढं वापरू दे," असं लाविनियानं भावजयीकरवी, म्हणजे सेलाकरवी, कळवलं. सेला नवऱ्याचा फोन घेऊन गेली आणि जोडून घेऊन आली. पण त्या खोलीतून निघालेलं वायफाय जेमतेम कितिओनेच्या डुकरांच्या गोठ्यापर्यंत पोचायचं आणि तिथेच बसकण मारायचं. म्हणून संध्याकाळी गावचा मास्तर उलट्या बादलीवर बसून ऑकलंडमधल्या नातीशी बोलताना दिसायचा, आणि मागे डुकरीण पिल्लांना पाजत पडलेली.

नात विका सहा वर्षांची. मे महिन्यात फाका-मे येतो, त्या रविवारी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये उभी राहतात आणि पाठ केलेलं वचन म्हणून दाखवतात. गेल्या वर्षी विका अर्ध्यातच अडकली आणि रडत खाली उतरली. मुलं-नातवंडं परदेशी गेली हे कितिओनेनं सोसलं होतं, पण आपल्या रक्तातलं पोर आपल्याच भाषेत अडखळावं हे त्याला सोसेना. यंदा त्यानं गोठ्याशी बसून ओळ न् ओळ तिच्याकडून घोटून घेतली होती.

"आजोबा, तुम्ही बघणार ना?" तिनं विचारलं. "मग मी नाही घाबरणार."

"बघणार म्हणजे काय! इथंच बसून बघणार."

"तिथं नको. आम्हाला चर्चमध्ये शिकवलंय, मोती डुकरांपुढे टाकायचे नसतात."

डुकरिणीनं मान वर करून बघितलं. घरात बसून बघायचं कितिओनेनं कबूल केलं. तसाही चर्चचा कार्यक्रम फोनवर थेट दिसायचा असला तर गोठ्याजवळच्या त्या मरतुकड्या वायफायनं तो निभला नसता.

शनिवारी दुपारी तो वायफाय पुढे ढकलणारी एक डबी नेआफूच्या बाजारातल्या दुकानातून घेऊन आला. काय ते त्याच दिवशी उरकायला हवं होतं, कारण रविवारी टोंगात माणूस साधा खिळासुद्धा ठोकत नाही. तालमीला जमलेली गाणारी मंडळी भोवती बसली. तुइपुलोतू नावाचा गायक यंत्रांतला जाणकार. त्यानं डबी लावली, फोनवर दोनचार ठिकाणी बोट मारलं आणि म्हणाला, "मास्तर, पासवर्ड सांगा."

"सेला," मास्तरांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "ताईच्या वायफायचा पासवर्ड काय ग?"

परत हाक मारली तेव्हा सेला हात पुसत दारात आली. "तो मला सांगता यायचा नाही."

"का? ताईनं नको म्हटलं?"

"वन्सं कशाला नको म्हणतील?"

"मग?"

सेला चुळबुळली. "अहो, भावोजी हयात होते ना, ते वन्संना एकांतात ज्या नावानं हाक मारायचे, ते आहे."

कितिओनेनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मंडळींनी माना खाली घातल्या. एक बुजुर्ग तर उगाचच खोकायला लागला.

"तू घाल मग," कितिओने तुइपुलोतूला म्हणाला. "आम्ही बाहेर जातो."

"मी? मास्तर, लाविनियाताई माझ्या आईच्या मावसबहिणीची मुलगी. माझीही बहीणच."

तिथे कोण बहीण नव्हती! एवढंसं गाव, चुलत, मावस, आते, सगळे भाऊच. त्या खोलीतल्या एकाही पुरुषाला तो पासवर्ड ऐकायची सोय नव्हती. शेवटी सगळा वृंद अंगणात जाऊन घराकडे पाठ करून उभा राहिला, आणि जन्मात नीरफणस भाजायच्या चुलीपलीकडे कुठल्या यंत्राच्या वाटेला न गेलेली सेला आत एकटी फोन घेऊन बसली.

"एक गोल फिरतोय," ती खिडकीतून ओरडली.

"फिरू दे," तुइपुलोतू समुद्राकडे बघत म्हणाला.

"थांबला. चुकलं म्हणतोय."

"मोठं अक्षर, लहान अक्षर नीट बघा वहिनी. पण वाचून दाखवू नका."

"मला काय वेड लागलंय?"

अखेर दिवा हिरवा झाला, आणि लगेच लाल. तुइपुलोतूनं कपाळाला हात लावला. विहिरीत पाणी नाही तिथे पोहरा टाकून काय उपयोग? डबी घरात लावून भागणार नव्हतं, जिथवर वायफाय येतं तिथेच ती टांगायला हवी होती. म्हणजे पुन्हा गोठाच. तिथल्या खांबावर डबी चढली, पावसासाठी तिच्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा उपडा घातला, आणि चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या जरा आधी मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत वायफाय आलं. कितिओनेनं डुकरिणीला नारळाचं खोबरं जास्तीचं घातलं.

रविवारी आपल्या गावच्या पोरांची वचनं म्हणून झाली, जेवणं झाली, आणि चर्चला जाताना कंबरेला गुंडाळतात ती चटईही न सोडता कितिओने फोनपुढे बसला. मागे सगळी मंडळी. पलीकडे लाविनिया आपल्या घरी हेच बघत होती. भावाबहिणीनं एका खोलीत बसून बघायचं नसतं. तिला कमी ऐकू येई, म्हणून आवाज गावाला पुरेल एवढा मोठा.

ऑकलंडचं गाणं सुरू झालं आणि मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. तिच्याकडून आधी ऐकू यायचं, मग तेच यांच्या फोनवर. डबीतून वळसा घालून येणारं चित्र चांगलं अर्धं कडवं मागे राहत होतं.

"ताल जुळत नाही," तो पुटपुटला. "वन्संना सांगू का आवाज कमी करायला?" सेलानं विचारलं. "ताईला? तू गप्प बस," तो म्हणाला.

मग कितिओनेच्या फोनवर विका आली. पांढरा झगा, केसांना तेल चोपडलेलं. सगळ्यांचं गाणं कुंपणापलीकडून ऐकू यायचं, पण एकट्या पोरीचा आवाज तिथून इथवर पोचत नव्हता. पहिल्या ओळी तिनं खणखणीत म्हटल्या. मग थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं झग्याची कड मुठीत धरली. कितिओनेचा हात गायकांना सूर द्यायला उठतो तसा हवेत उठला आणि तिथेच राहिला. पोर पुन्हा रडत उतरणार, आणि या खेपेला ते आपण बघणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे लाविनियानं रडत रडत टाळ्या पिटल्या. "मालो, विका! मालो, शाब्बास माझी बाय!"

कितिओनेनं हात खाली घेतला. "म्हटलं तिनं."

"कुठं म्हटलं?" सेला कुजबुजली. फोनवर विका अजून झग्याची कड चुरगाळत उभी होती.

"म्हटलं ग," तो म्हणाला. "ताईपर्यंत पोचलंय."

आणि विकानं तोंड उघडलं तेव्हा गावचा करडा मास्तर आधीच हमसून रडत होता.