वैशालीने मागितलेला गुरुवार

वैशालीने माझ्याकडे एक गुरुवार मागितला होता. मी दिला नाही.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

चारकोपच्या आमच्या सोसायटीत ती दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. तिची ओवी तेव्हा नऊ वर्षांची, अर्णव चार. माझा वेद सहा.

दोघींचं पार्ट टाइम काम, घरून. मी इन्शुरन्सचे क्लेम तपासते. म्हणजे दिवसभर लोकांच्या आजारपणाचे कागद वाचते. ती क्लासवाल्यांसाठी गणिताचे पेपर टाइप करायची.

"घरूनच तर काम, मग कसलं टेन्शन?" असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात वन रूम किचनमध्ये तीन पोरं आणि एक लॅपटॉप घेऊन एक दिवस काढून दाखवावा.

आयडिया वैशालीचीच. सोमवार-बुधवार-शुक्रवार तिचं काम, तिन्ही मुलं माझ्याकडे. मंगळवार-गुरुवार-शनिवार माझं काम, मुलं तिच्याकडे.

"एकीचा कॉल, दुसरीकडे पोरं. सिम्पल गो," ती म्हणाली. माहेर मालवणचं. तो 'गो' शेवटपर्यंत सुटला नाही.

वेदला पाढे तिने शिकवले. जिन्यावर. एक पायरी, एक आकडा. चुकलं की परत खाली.

माझ्याकडे मुलं आली की मी सरळ टीव्ही लावून द्यायचे. तिला माहीत होतं. कधी एका शब्दाने बोलली नाही.

मागच्या मे महिन्यात तिची पाठ दुखायला लागली. मग जबडा. दोन मजले चढून आली की दम लागायचा, घामाने निथळायची.

मुंबईत मे महिन्यात घाम कोणाला येत नाही?

"दाखव ना कुणाला तरी," मी म्हणायचे.

"सुट्टी संपू दे. शाळा सुरू झाल्या की जाते."

शेवटी डॉक्टरकडे गेली. त्यांनी सांगितलं, हृदयाच्या टेस्ट करून घ्या, लवकर.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी वेदला आणायला गेले, तेव्हा ती दारातच म्हणाली, "दीपा, परवा सकाळी मुलांना ठेवशील? दोनच तास. इथल्या सेंटरवर टेस्टवाले डॉक्टर मंगळवारी आणि गुरुवारीच असतात."

"परवा? अगं, माझा रिव्ह्यू आहे यार. कॅमेरा ऑन. तीन पोरं घरात असली तर वाट लागेल माझी. पुढच्या मंगळवारी जा ना. मंगळवारी नक्की ठेवते."

तिने वेदच्या चपला पुढे सरकवल्या.

"चालेल गो. काय एवढं नाय."

पाठ, जबडा, घाम, दम. हे शब्द मी रोज कागदांवर वाचते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

गुरुवारचा रिव्ह्यू पंधरा मिनिटांत संपला. नंतर मी कॉफी केली आणि शांतपणे खिडकीत बसून प्यायले. मुलं खाली तिच्याकडे होती.

शनिवारी दुपारी ओवी वर आली. अनवाणी.

"मावशी, आई भिंतीला टेकून झोपलीये. हलवलं तरी उठत नाही."

मी लॅपटॉप तसाच टाकून धावले.

वैशाली किचनमध्ये जमिनीवर बसली होती. पुढ्यात मोठं ताट. तिघांना भरवायला कालवलेला वरणभात. तिच्या बोटांवरचा भात वाळला होता.

वेद आणि अर्णव बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. आवाज एकदम बारीक.

"किती वेळ झाला गं?" मी ओवीला विचारलं.

"एक कार्टून पूर्ण झालं. दुसरं पण अर्धं झालं." मग हळूच म्हणाली, "आम्ही आवाज नाही केला मावशी."

आई बोलली नाही तर गप्प बसायचं, मध्ये मध्ये यायचं नाही, आवाज करायचा नाही. हे त्या पोरांना आम्ही दोघींनी मिळून शिकवलं होतं. दोन उन्हाळे. त्यांनी अगदी नीट ऐकलं.

तळमजल्यावरच्या काकांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सिग्नलला काका रडत हॉर्न वाजवत होते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. म्हणाल्या, "आणायच्या आधीच गेल्यात. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी शेजारी म्हटलं.

वर्षभर मी हे कोणाला सांगितलं नाही. दिवस-कार्याला गेले, डबे दिले, सगळे म्हणायचे, दीपाने किती केलं.

गेल्या आठवड्यात सचिन, तिचा नवरा, अर्णवला न्यायला आला. मी त्याला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. टेस्टचं, रिव्ह्यूचं, कॉफीचंसुद्धा. वाटलं, हा आता उठेल आणि या घराची पायरी परत चढणार नाही.

तो बराच वेळ अर्णवच्या चपलेचा बेल्ट लावत बसला. लावायचा, काढायचा.

मग म्हणाला, "आधी मलाच विचारलं होतं तिने. गुरुवारी रजा टाकशील का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, रजा कशाला? दीपा आहे ना."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू शकलो नाही.

ही पोस्ट टाकू का, विचारलं त्याला. म्हणाला, टाक. माझं पण लिही.

म्हणून लिहिलंय.

वैशू, श्रद्धांजली वाहण्याएवढं तोंड नाही मला.

माफ कर गो.