हातमोजे घालून बघितलेली मूर्ती

"हिला खुर्चीत बसवा."

संग्रहालयाची मॅडम माझ्याबद्दल बोलत होती. माझ्याशी नाही, माझ्या अक्काशी. कलबुर्गीच्या नव्या कलासंग्रहालयाच्या दारात आम्ही दोघी बहिणी उभ्या होतो. मी म्हटलं, "माझे पाय धडधाकट हायत. मला दिसत न्हाई, एवढंच."

चाकाची खुर्ची गुडघ्यांमागं येऊन टेकली. कुणीतरी खांदे दाबले. मी बसले. बसले कसली, बसवली.

दारावरचा शिपाई हळूच म्हणाला, "बैठ जाव अम्मा. साब लोगां आरे."

आमचं गाव खटकचिंचोळी. घर धनगराचं. लहानपणी तापात माझे डोळे गेले. आता भालकीच्या शाळेत मुलींना गाणं शिकवते. माझं पोट मीच भरते. संग्रहालयातून शाळेत फोन आला. अंधांसाठी दालन उघडतोय, हात लावून मूर्ती बघता येतील, उद्घाटनाला या. तेव्हाच मी अक्काला म्हटलं, "एवढा जीव कामून लावायलेत?"

"तुला सगळ्यांचाच संशय," अक्का म्हणाली.

व्हय. आहे. न विचारता कुणी माझा हात धरला की मला पहिला प्रश्न पडतो, हा कुठं नेतोय? गावात एकदा असंच धरून स्टेजवर चढवलं. साडी दिली, फोटो काढला. खाली उतरवायला कुणीच आलं नाही. भाषणं संपेपर्यंत मी तिथंच, साडी छातीशी धरून.

तरी गेले. मूर्ती बघायची हाव होती. देवळात कुणी हात लावू देत नाही. घरातले देव मुठीत मावतात. दगडात घडवलेलं माणूस कसं असतं, ते मला बोटांनी बघायचं होतं.

आत नेलं. हातात रबरी मोजे चढवले. "मूर्तीवर डाग पडतात," मॅडम म्हणाली. माझा हात उचलून कशावर तरी ठेवला. मोज्यातून काय कळणार? गार नाही, खरखरीत नाही. काहीच नाही.

"हात चेहऱ्यावर. अजून वर. हसा जरा." फोटोवाला.

पाहुणे बोलले. यांच्या अंधारात आम्ही दिवा लावला, म्हणाले. टाळ्या. पावलं लांब गेली. चहाचा वास आला. खुर्ची मागं फिरायला लागली.

"थांबा," मी म्हटलं. "मी अजून बघितलीच न्हाई."

"कार्यक्रम संपला. दालन बंद करायचंय."

"आजच उघडलं ना?"

"मोठे पाहुणे आले की उघडू."

मी मोजे ओढून काढले. खुर्चीतून उठले. दोन्ही हातांनी मूर्ती धरली. नाक, ओठ, हनुवटी. सगळं गुळगुळीत, कोमट, प्लास्टिकच्या बादलीसारखं. बोटानं ठोकलं. आतून पोकळ आवाज आला.

"ही दगडाची न्हाई."

"नक्कल आहे. खरी वर, काचेत." मॅडमनं माझं मनगट धरलं. "तुम्हाला काय फरक पडतो?"

ते शब्द आजही कानात तसेच आहेत. नकलेवर डाग पडू नयेत म्हणून माझ्या हातात मोजे.

"हात सोडा," मी म्हटलं. आवाज चढला होता. गाण्याचा गळा आहे, पार चहापर्यंत गेला. "फरक पडतो. आन् माझा फोटो छापायचा न्हाई."

अक्का कानाशी कुजबुजली, "कामून तमाशा करायलीस? चल."

"आपण कुठं केला तमाशा? ह्यांनी केला."

चालत बाहेर आले. भिंतीला हात लावत, धडपडत, पण माझ्या पायांनी.

फोटो पेपरात आलाच. अक्कानं वाचून दाखवलं. खाली माझं नाव नव्हतं. नुसतं 'एक अंध महिला'.

मग मॅडमचा फोन आला. गैरसमज झाला, परत या, शाल घालून सत्कार करू.

मी म्हटलं, "शाल नको. ते दालन रोज उघडं ठेवा. खऱ्या दगडाला हात लावू द्या. मी येणारच हाय. कोणत्या दिवशी ते सांगणार न्हाई. माझ्यासंगं माझ्यासारख्या अजून येतील. दालनाला कुलूप असलं तर संग्रहालयाच्या दारातच बसू, आन् तुमचे पाहुणे आम्हाला ओलांडून आत जातील."

ती काहीतरी बोलत होती. मी फोन ठेवला.